नाताळचा बाजार आणि थकलेली इंद्रिये



'नाताळ' हा शब्द आपल्या भाषेत पोर्तुगीजांकडून आला आणि येथलाच होऊन गेला. त्याच्या मुळाशी जन्म हा अर्थ आहे. आज गोमंतकात हा शब्द उच्चारताच दारावरची कागदी नक्षत्रे, गोठ्याचा देखावा, दोदोल, बेबिंका आणि नेवऱ्यांची ताटे डोळ्यांपुढे येतात. परंतु ही ताटे भरण्याआधी बाजार करावा लागतो, आणि डिसेंबरचा बाजार ही सामान्य गोष्ट नव्हे. 3 तारखेला जुन्या गोव्याचे फेस्त, 8 तारखेला पणजीचे फेस्त, त्यानंतर पर्यटकांची रीघ. आणि नाताळच्या आधीचा शुक्रवार आला म्हणजे म्हापशाच्या बाजारात पाय ठेवायलाही जागा शोधावी लागते.

अशा बाजारातून परत आलेला मनुष्य पिशव्या खाली ठेवतो आणि काही वेळ कोणाशी बोलतही नाही. ओझे फारसे नसते, चालणेही बेताचेच झालेले असते. तरी डोके जड होते, लहानसहान गोष्टींवरून चीड येते. घरची मंडळी म्हणतात, 'सणासुदीला असा चेहरा काय करायचा?' हा दोष त्या माणसाच्या स्वभावाचा नाही. त्याची इंद्रिये थकलेली असतात, आणि हा थकवा अंगमेहनतीच्या थकव्याइतकाच खरा आहे. हाच आजच्या भाषणाचा विषय.

डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. बाजारात एका दुकानातून गाणे, दुसऱ्यातून निराळे गाणे, रस्त्यावरून मोटारींचे कर्णे, समोरून विक्रेत्यांची हाळी, हे सारे एकदमच कानांत शिरते. त्यांतून आपल्याला हवा असलेला एकच आवाज, समजा, भाव सांगणाऱ्या दुकानदाराचा, वेगळा काढण्याचे काम मेंदूला सतत करावे लागते. कॉलिन चेरी या इंग्रज शास्त्रज्ञाने 1953 साली याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. ऐकणाऱ्याच्या एका कानात एक मजकूर आणि दुसऱ्या कानात दुसरा, असे त्याने ऐकविले. एका मजकुराकडे लक्ष देणाऱ्यांना दुसऱ्याचे जवळजवळ काहीच कळले नाही. मध्येच इंग्रजी थांबून जर्मन सुरू झाले, तरी ते त्यांच्या ध्यानात आले नाही. तात्पर्य, लक्ष ही मोजकी पुंजी आहे. ती एकीकडे खर्चावी तर दुसरीकडे हात आखडावा लागतो. त्यात लुकलुकणारे दिवे, अत्तरांचे आणि तळणाचे वास, खांद्याला लागणारे धक्के, आणि 'हे घ्यावे की ते' असे शंभर लहान निर्णय यांची भर पडली, की ही पुंजी तासाभरातच संपते.

पुंजी संपली की मनुष्य काय करतो? स्टॅन्ली मिलग्रॅम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970 साली मोठ्या शहरांतील जीवनाविषयी लिहिताना याचे उत्तर दिले आहे. भोवतालचा मारा असह्य झाला की मनुष्य प्रत्येकाला कमी वेळ देतो, ओळखदेख टाळतो, आणि अनोळखी माणसाची अडचण पाहूनही पुढे निघून जातो. बाजारात आपल्याला हाच अनुभव येतो. गर्दी वाढली की सर्वांत आधी सौजन्य कमी होते. ज्या सणाचा प्राण भेटीगाठींत आणि शेजारधर्मात आहे, त्याच्या तयारीतच जर आपण सौजन्य गमावून बसलो, तर घरी आणलेल्या जिनसांचा उपयोग तो काय?

तेव्हा काही साधे उपाय सांगतो. पहिला वेळेचा. शक्य असेल त्यांनी मधल्या वारी, दुकाने उघडतात त्या सुमारास बाजार आटोपावा. संध्याकाळ ही सर्वांत वाईट वेळ. दिवसभराचे थकलेले मन आणि पेटलेले दिवे यांची तेव्हा गाठ पडते. दुसरा यादीचा. यादी घरीच करावी, आणि तीही दुकानांच्या क्रमाने. बाजारात करावे लागणारे जे निर्णय घरी होतील, तेवढे ओझे कमी. नारळ-गूळ ऐन वेळचे, पण कापड, दिवे, भेटवस्तू यांना तेवीस तारखेची वाट पाहण्याचे कारण नाही. तिसरा विश्रांतीचा. रिकाम्या पोटी आणि तहानलेले जाऊ नये. आणि तासाभराने दहा मिनिटे तरी गर्दीबाहेर बसावे. पणजीला गार्सिया द ओर्ता उद्यान आहे, मांडवीचा काठ आहे. इतर गावांत चर्चचे किंवा देवळाचे आवार असते. तेथे गेल्यावर लगेच दूरध्वनी उघडून बसू नये, एवढे मात्र पाळावे. हेच उपाय चवथीच्या आधी माटोळीच्या बाजारालाही लागू आहेत.

परंतु काही जणांना एवढ्याने भागत नाही. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना आवाज, प्रकाश आणि स्पर्श आपल्यापेक्षा कितीतरी तीव्रतेने जाणवतात. आपल्याला जी केवळ गडबड वाटते, ती त्यांना वेदनेसारखी असू शकते. असे मूल बाजारात कान झाकून जमिनीवर बसते, किंचाळते. आणि येणारेजाणारे आईकडे पाहून म्हणतात, 'पोराला काही शिस्त नाही.' हा हट्ट नव्हे. सहनशक्तीच्या सीमेपलीकडे गेलेल्या जिवाची ती हाक आहे. अशा वेळी रागावणे, समजावणे, आमिष दाखविणे, सारे व्यर्थ. कारण शब्द हाही आणखी एक आवाजच. मुलाला शांतपणे बाहेर न्यावे, थोडे बोलावे, वेळ द्यावा. निघण्यापूर्वी कोठे जायचे, काय दिसेल, किती वेळ लागेल हे चित्रे दाखवून सांगावे. कान झाकण्याचे साधन बरोबर असावे. आणि 'आता पुरे' हे कळविण्याची एक खूण आधीच ठरवावी. श्रवणयंत्र वापरणाऱ्या वृद्धांचेही असेच. यंत्र शब्द मोठे करते, तसा गोंगाटही मोठा करते. म्हणून गर्दीत आजोबा गप्प झाले तर ते रुसले असे समजू नये.

आता दुकानदारांना एक विनंती. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथील एका मोठ्या दुकानाने 2016 साली 'शांत तास' करून पाहिला: त्या वेळात संगीत बंद, ध्वनिक्षेपकावरच्या घोषणा बंद, सरकते जिने थांबविलेले. पुढच्याच वर्षी तेथील स्वमग्नताविषयक राष्ट्रीय संस्थेने देशभर अशा तासाची मोहीम काढली. यासाठी मोठा खर्च लागला नाही. काही कळा फिरविल्या, इतकेच. यात व्यापार बुडेल अशी शंका कोणास येईल. त्यासाठी एक जुना प्रयोग सांगतो. अमेरिकेतील एका किराणा दुकानात आलटूनपालटून द्रुत आणि संथ लयीचे संगीत लावून पाहिले. 1982 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की संथ संगीताच्या दिवशी गिऱ्हाइके हळू चालली आणि विक्री सुमारे 38 टक्क्यांनी अधिक झाली. शांतपणे हिंडणारे गिऱ्हाईक अधिक वेळ थांबते, हे अनुभवी व्यापाऱ्याला निराळे सांगायला नको.

आपल्या देशाच्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि व्यापारी भागात दिवसा आवाज 65 डेसिबलच्या वर जाऊ नये असा नियम 2000 सालापासून आहे. पणजी शहराने जानेवारी 2023 मध्ये दिव्यांगांसाठी पर्पल महोत्सव भरवून त्यांचे स्वागत केले. त्याच शहरातील दुकानांनी डिसेंबरमध्ये सकाळचा एक तास शांततेसाठी राखून ठेवला, दारात एक बाक ठेवला, लुकलुकणारे दिवे तेवढा वेळ स्थिर केले, तर कितीतरी घरांतील माणसांना स्वतःच्या हाताने आपल्या नाताळची खरेदी करता येईल.

नाताळची मूळ कथा हीदेखील एका गर्दीचीच आहे. शिरगणतीसाठी बेथलेहेम गाव माणसांनी भरून गेले होते, आणि दूरवरून आलेल्या जोडप्याला उतारशाळेत जागा मिळाली नाही. त्या गोठ्याचा देखावा आपण दरवर्षी मोठ्या हौसेने मांडतो. यंदा तो मांडताना आपल्या बाजारात कोणाला जागा मिळत नाही, याचा क्षणभर विचार करावा. आणि गर्दीत एखादी आई कान झाकलेल्या मुलाला घेऊन उभी दिसली, तर तिच्याकडे रोखून पाहू नये. बाजूला सरून तिला वाट करून द्यावी.