माहेरच्या नावाने आलेले पत्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या उद्योग विभागाविषयी आज मी चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. वर्धापनदिनी यशाचे वर्णन करण्याची रीत आहे. परंतु मी बोलणार आहे एका चुकीविषयी. चूक माझी होती आणि तिचा भुर्दंड आपल्यातल्याच काही जणींना पडला. तेव्हा ती सांगण्याचे कामही माझेच.

२०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद झाले, तेव्हा आपण आपले मसाले, भाजण्या आणि पापड यांचे ऑनलाइन दुकान मांडले, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. मालाची यादी मात्र घाईत झाली होती. एकच गोडा मसाला तीन वजनांचा म्हणून तीन पाने. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आम्ही ही यादी काढून नवी घातली. फोटो चांगले आले, मांडणी सुबक झाली. मी स्वतः पाहून ‘ठीक आहे’ म्हटले. मात्र पानांचे जुने पत्ते सगळे गेले, तिकडे माझे लक्षच गेले नाही.

आता पानाचा पत्ता म्हणजे काय? दुकानातल्या प्रत्येक जिनसेला आपले एक पान असते, आणि त्या पानाला घराला असतो तसा पत्ता. तो पत्ता आपण एकदा जगाला दिला की तो आपल्या हातात राहत नाही. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर बहिणीला पाठवलेला असतो, कुणी फोनमध्ये जपून ठेवलेला असतो, गूगलने आपल्या नोंदीत टिपलेला असतो. आणि आपण तर तो क्यूआर कोडच्या रूपाने पाकिटांवरच छापला होता!

महिनाभरात मागणी घटू लागली. आम्ही म्हटले, महागाई असेल. मग एके दुपारी कार्यालयात इंदूरहून एका आजींचा फोन आला. त्यांच्या नातवाने उपवासाच्या भाजणीच्या रिकाम्या पाकिटावरचा कोड फोनने टिपला, तर पडद्यावर आले, ‘४०४, पान सापडले नाही.’ आजी काळजीच्या सुरात म्हणाल्या, “अहो, मंडळ बंद झालं का हो?”

भगिनींनो, त्या प्रश्नाने माझ्या पोटात कालवले. भाजणी फडताळात होती, भाजणाऱ्या बायका हजर होत्या. पण गिऱ्हाइकाला दारावर कुलूप दिसत होते. त्या महिन्यात भाजणीच्या कामाचे दिवस आम्हाला निम्म्यावर आणावे लागले होते. ज्यांच्या घरी त्या मजुरीवर मुलांची फी भरली जाते, त्यांना दिवाळी कशी गेली हे मी विचारू शकले नाही.

ही गोष्ट आपल्याला समजायला अवघड नाही. लग्नानंतर आपल्यापैकी बहुतेकींचे नाव आणि घर बदलले. तरी कुणी जुन्या मैत्रिणीने माहेरच्या पत्त्यावर पत्र टाकले, तर ते परत जात नाही. आई त्यावरचा पत्ता खोडते, सासरचा लिहिते आणि पुन्हा पेटीत टाकते. नेमके हेच काम दुकानाच्या जुन्या पत्त्यासाठी करता येते. त्याला ‘रीडायरेक्ट’ म्हणतात. ‘हे पान कायमचे अमक्या ठिकाणी गेले’ हे सांगणारा खुणेचा आकडा ३०१. तो दिला की गिऱ्हाईक आपोआप नव्या पानावर पोहोचते आणि गूगलही जुन्या पानाची पत नव्या पानाच्या खाती घालते.

मग आम्ही तिघी बसलो. जुनी यादी उकरून काढली. वहीच्या डाव्या बाजूस जुना पत्ता, उजव्या बाजूस नवा, असे प्रत्येक जिनसेचे नाव घेऊन लिहीत गेलो. त्यातून कळलेल्या गोष्टी सांगते. ज्यांच्या घरी असे दुकान आहे त्यांना उपयोगी पडतील.

जिन्नस तोच असेल तर सरळ ३०१. गोड्या मसाल्याची तीन पाने होती, ती तिन्ही एका नव्या पानाकडे वळवली. आंबापोळीसारखा हंगामी माल संपला, तर त्याचे पान काढूच नये. ‘उन्हाळ्यात पुन्हा मिळेल’ एवढे त्यावर लिहावे. दिवाळीच्या फराळाला दर वर्षी नवे पान करण्यापेक्षा दर वर्षी तेच पान वापरावे. एखादा जिन्नस कायमचा बंद झाला आणि त्याच्याजवळचाही दुसरा नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे. त्यासाठी ४१० हा आकडा आहे. ‘होते, पण आता नाही’ असा त्याचा अर्थ.

एक मोह मात्र टाळावा. सगळे जुने पत्ते दुकानाच्या पहिल्या पानाकडे लोटून मोकळे व्हावे असे वाटते. म्हणजे गावातली सगळी पत्रे चावडीवर ओतून पोस्टमनने घरी जावे, तसेच ते! भाजणी मागणाऱ्याला भाजणीच मिळाली पाहिजे. गूगलसुद्धा अशा वळवण्याला बहुधा ‘पान सापडले नाही’ यातच जमा धरते.

आणखी असे की, जुन्यावरून मधल्यावर आणि मधल्यावरून नव्यावर अशी साखळी ठेवू नये. पहिल्यापासून शेवटच्यावर थेट न्यावे. दुकानातल्या आपल्याच पानांवरचे दुवेही नव्या पत्त्यांचे करावेत. आणि सारे झाल्यावर प्रत्येक जुना पत्ता स्वतः उघडून पाहावा. हे वळवणे निदान वर्षभर तरी ठेवा, असे गूगल सांगते. मी म्हणेन, पाकिटावर छापलेला पत्ता आहे तोवर ठेवा. आपले पाकीट कुणाच्या डब्यात किती वर्षे राहील, कोण सांगणार?

वेब ज्यांनी निर्माण केले त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच एक लेख लिहून, पत्ते मुळात बदलूच नयेत असे बजावले होते. म्हणून नव्या पत्त्यांत आम्ही वजन, किंमत, वर्ष असले बदलणारे काही घातले नाही. फक्त जिनसेचे नाव घातले. भाजणी ही भाजणीच राहणार.

वही पुरी झाल्यावर मी इंदूरच्या आजींना फोन केला. नातवाने तेच जुने पाकीट पुन्हा टिपले आणि भाजणीचे पान उघडले. त्यांनी दोन किलो मागवली. गेलेले कामाचे दिवस त्याने भरून आले नाहीत, हे मी जाणते. ज्या भगिनींचे ते दिवस गेले, त्यांची मी या व्यासपीठावरून क्षमा मागते.

ती वही आता उद्योग विभागाच्या कपाटात आहे. माझ्यामागून जी कुणी यादी बदलायला बसेल, तिने आधी ती वही उघडावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.