खेळाडूंची संघटना नेमकी कुणाची?

(विंचूर येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी हॉकी खेळाडूंच्या पैशांबद्दल बोलणार आहे असं कळल्यावर इथल्या एका कार्यकर्तीने मला विचारलं, "ताई, मेळाव्याला कांद्याच्या खळ्यावरच्या बायका येणार, द्राक्षबागेतल्या येणार. त्यांना हॉकीचं काय?" प्रश्न रास्त आहे. पण कष्ट एकीचे, नाव दुसऱ्याचं आणि पैसे कुणाकडे मागायचे याचा पत्ता नाही, ही गोष्ट तुम्हाला नवी नाही. देशाचा झेंडा छातीवर लावून खेळणाऱ्या मुलींचीही तीच गत आहे. म्हणून हा विषय घेतला.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू या. पेपरात बातमी येते, 'हॉकी संघटनेने खेळाडूंना इशारा दिला.' आपण समजतो, ही खेळाडूंची संघटना. ती तशी नसते. ती खेळ चालवणाऱ्यांची संघटना असते, म्हणजे फेडरेशन. शिबिर ती भरवते, संघ ती निवडते, प्रायोजकाचा पैसा तिच्याकडे येतो. कामगार संघटना या अर्थाने भारतातल्या हॉकी खेळाडूंची संघटना कधी उभीच राहिली नाही. क्रिकेटमध्येही २०१९ साली जी संघटना झाली ती निवृत्त खेळाडूंची. आज मैदानात उतरणाऱ्यांना तिच्यात जागा नाही.

आता २०१० सालची हकीकत सांगते. ती आपल्या महाराष्ट्रात, पुण्याजवळ बालेवाडीला घडली. फेब्रुवारीच्या अखेरीस दिल्लीत पुरुषांचा हॉकी विश्वचषक सुरू व्हायचा होता. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सरावशिबिर चालू होतं. जानेवारीत कर्णधार राजपाल सिंग आणि बाकीचे, असे बावीस खेळाडू म्हणाले, आमचे थकलेले पैसे द्या, नाहीतर आम्ही सराव करणार नाही. फेडरेशनने प्रत्येकी २५ हजार रुपये देऊ केले. खेळाडूंनी ते नाकारले. मग इशारे आले, मुदती आल्या. 'देशापेक्षा पैसा मोठा झाला का?' हा ठेवणीतला प्रश्नही आला. (हा प्रश्न प्रायोजकाला किंवा पदाधिकाऱ्याला कुणी विचारलेला मी ऐकलेला नाही.) बावीसपैकी कुणी फुटलं नाही. विश्वचषक दीड महिन्यावर, देशभर बोभाटा झालेला, प्रायोजकही पैसे द्यायला पुढे आलेला. १३ जानेवारीला तडजोड झाली आणि खेळाडू मैदानात उतरले.

त्याच सुमारास भोपाळला महिला संघाचं शिबिर चालू होतं. या मुलींनी आदल्याच वर्षी, २००९ च्या जुलैत, रशियातल्या कझानची चॅम्पियन्स चॅलेंज दोन ही स्पर्धा जिंकली होती, आणि नोव्हेंबरात बँकॉकच्या आशिया चषकात रौप्यपदक मिळवलं होतं. पैशाच्या बाबतीत त्यांची अवस्था पुरुषांपेक्षा वाईट होती. त्यांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या. सराव मात्र सोडला नाही. आणि लोकांनी मदत करावी म्हणून बँकेत खातं उघडलं.

इथे जरा थांबू या. पुरुषांनी काम बंद केलं. बायकांनी काम चालू ठेवून निषेध केला आणि वर्गणी मागितली. या मुली भित्र्या होत्या असं मी म्हणणार नाही. बालेवाडीच्या मुलांच्या पाठीशी दिल्लीचा विश्वचषक होता. मैदान सजलेलं, तिकिटं विकायची, संघ नसून चालणारच नव्हतं. मुलींचा विश्वचषक त्याच वर्षी दूर अर्जेंटिनात होता. त्यांनी स्टिक खाली ठेवली असती तर कुणाचं काय अडलं असतं? काम बंद करण्याची ताकद त्या कामावाचून कुणाचं किती अडतं त्यावर ठरते. शिवाय आपण बायका घरात तेच शिकून येतो. रुसायचं, पण भाकरी टाकून द्यायची नाही.

आणि दोन्ही ठिकाणी पुढे काय उरलं? तडजोड झाल्यावर मुलं खेळायला गेली, मुलीही गेल्या. ना सभासद नोंदवले, ना चिटणीस नेमला. पुढच्या वेळी पैसे थकले तर कुणी बोलायचं हे ठरलं नाही.

त्याची किंमत फार लवकर दिसली. त्याच वर्षी जुलैत महिला संघातल्या एका खेळाडूने मुख्य प्रशिक्षकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. त्यांनी आरोप नाकारले आणि पद सोडलं. पण ती तक्रार गेली कुणाकडे? फेडरेशनकडे. निवड जिच्या हातात, चौकशीही तिच्याच हातात. पगाराचा प्रश्न वेगळा आणि छळाचा वेगळा, असं आपल्याला नेहमी सांगितलं जातं. तो वेगळा नाही. जिला उद्याच्या संघात नाव येईल की नाही याची धास्ती आहे, ती पैशाबद्दलही बोलू शकत नाही आणि अंगाला हात लावणाऱ्याबद्दलही बोलू शकत नाही. २०२३ साली कुस्तीगीर मुलींना जंतरमंतरच्या फुटपाथवर बसावं लागलं, ते याच कारणाने.

एकट्याने तोंड उघडलं की काय होतं ते खडकीच्या धनराज पिल्लेला विचारा. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली भारताने बत्तीस वर्षांनी सुवर्णपदक जिंकलं. परत आल्यावर तो आणि आणखी सहा ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर. अधिकृत कारण 'विश्रांती'. सोयींबद्दल आणि मानधनाबद्दल बोलल्याची ही शिक्षा, असं तेव्हा सर्रास मानलं गेलं. आणि हे काही आपल्याकडेच होतं असं नाही. कॅनडा-अमेरिकेत बर्फावर हॉकी खेळतात, तिथे हा मोठा धंदा आहे. १९५७ साली टेड लिंडसे नावाच्या नामांकित खेळाडूने तिथे संघटना बांधायला घेतली, तर त्याच्या क्लबने त्याला उचलून शिकागोला धाडला. खळ्यावर जास्त बोलणारीला मुकादम दुसऱ्या दिवशी गाडीत घेत नाही, तसंच.

त्या खेळाडूंची संघटना पुढे १९६७ साली झालीच. पण संघटना झाली म्हणजे सगळं झालं असं नव्हे, हेही त्यांच्याकडूनच शिकण्यासारखं आहे. संघटनेचा पहिला प्रमुख ॲलन ईगलसन पंचवीस वर्षं खुर्चीत बसला. मालकांशी त्याचं गूळपीठ. पुढे १९९८ साली त्याला फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, तुरुंगात गेला. निवृत्तिवेतनाचे हिशेब उकरून काढण्यात कार्ल ब्रूअर या जुन्या खेळाडूची जोडीदार सूझन फॉस्टर आघाडीवर होती. ती कधी हॉकी खेळली नाही. तिने कागद वाचले.

आणखी एक गोष्ट, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. १९९० च्या आसपासपर्यंत तिथल्या खेळाडूंना एकमेकांचा पगार माहीत नसायचा. प्रत्येक जण एकटा मालकासमोर बसायचा आणि मालक म्हणायचा, तुलाच सगळ्यात जास्त देतोय, कुणाला सांगू नकोस. मग संघटनेने सगळ्यांचे पगार उघड केले. पगार त्यानंतर झपाट्याने वाढले. संप न करता, नुसती यादी करून.

मालकांकडे टाळेबंदी हे हत्यार होतंच. हा शब्द गिरणगावाने आपल्याला चांगलाच शिकवलेला आहे. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालकांनी बुडवला. शेवटी खेळाडूंना पगारावरची मर्यादा स्वीकारावी लागली आणि चालू करारातले २४ टक्के सोडावे लागले. म्हणजे संघटना असूनही ते हरले. पण करारावर सही त्यांच्या प्रतिनिधीची होती, आणि पुढच्या वाटाघाटीला त्यांची खुर्ची शिल्लक होती.

बायकांना ही खुर्ची मिळायला आणखी वेळ लागला. अमेरिकेच्या महिला संघाला ऑलिंपिकच्या वर्षात सहा महिने, महिना हजार डॉलर मिळत, बाकी काही नाही. २०१७ च्या मार्चमध्ये, मायदेशातल्या जागतिक स्पर्धेच्या तोंडावर, कर्णधार मेगन डुगन आणि तिच्या सहकाऱ्यांनी सांगितलं, आम्ही खेळणार नाही. फेडरेशनने पर्यायी मुली शोधायला सुरुवात केली. कॉलेजातल्या, अगदी शाळेतल्या मुलींनासुद्धा विचारणा झाली. देशाकडून खेळायची संधी समोर असताना त्या पोरी एकामागून एक नाही म्हणाल्या. तेरा दिवसांत करार झाला. आणि त्या स्पर्धा जिंकल्यासुद्धा.

दोन वर्षांनी, २०१९ साली, तिथली एक महिला लीग बंद पडली तेव्हा दोनशेहून अधिक खेळाडूंनी जाहीर केलं की योग्य वेतन आणि विमा मिळेपर्यंत कुठल्याच लीगमध्ये खेळणार नाही. २०२३ च्या जुलैत नव्या लीगच्या मालकांशी त्यांच्या संघटनेचा सामूहिक करार मंजूर झाला. किमान वेतन वर्षाला ३५ हजार डॉलर. लीगचा पहिला सामना झाला १ जानेवारी २०२४ ला. क्रम बघा. आधी संघटना, मग करार, मग खेळ.

आपल्याकडे क्रम उलटा आहे. २०२५ च्या जानेवारीत रांचीला महिलांची पहिली हॉकी इंडिया लीग झाली. चांगलं झालं, मला त्याचा आनंद आहे. सातारा जिल्ह्यातल्या फलटणकडच्या अक्षता ढेकळे, वैष्णवी फाळके यांच्यासारख्या मुली देशाकडून खेळल्या, त्यांच्यामागून येणाऱ्यांना हा रस्ता उघडला. पण लिलाव कसा झाला? लिलाव हा शब्द विंचूरला समजावून सांगायला नको. पुरुषांचे आठ संघ, प्रत्येकाला खेळाडू घ्यायला चार कोटी. महिलांचे चार संघ, प्रत्येकाला दोन कोटी. पुरुषांत सर्वाधिक बोली हरमनप्रीत सिंगला ७८ लाख, महिलांत उदिताला ३२ लाख. जिंकणाऱ्या पुरुष संघाला तीन कोटी, महिला संघाला दीड. मैदान तेवढंच लांब, सामना तेवढाच वेळ. हे निम्म्याचं प्रमाण कुणी ठरवलं, कुठल्या बैठकीत, समोर कोण बसलं होतं? समोर बसायला मुलींचं कुणीच नव्हतं.

कुणी क्रिकेटचा दाखला देईल. २०२२ च्या ऑक्टोबरात क्रिकेट मंडळाने महिलांना पुरुषांइतकंच सामन्याचं मानधन जाहीर केलं, कसोटीला १५ लाख. त्याचं स्वागत आपण केलं आणि करायलाच हवं. पण वार्षिक करारात त्याच हंगामात पुरुषांची वरची श्रेणी सात कोटींची आणि महिलांची ५० लाखांची होती. मंडळाने दिलं म्हणून मिळालं. दिलेलं आणि ठरवून घेतलेलं यात मी फरक करते. बोनस आणि ओवाळणी यांत आहे तेवढा.

खरी अडचण 'मालक कोण' ही आहे. आपल्या बहुतेक हॉकी खेळाडू मुली रेल्वेत नोकरीला. पगार रेल्वेचा, खेळवणार फेडरेशन, जाहिरात प्रायोजकाची. पैसे थकले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. इकडे मजुरी मुकादम देतो, माल व्यापाऱ्याचा, यार्ड बाजार समितीचं. २०२४ च्या एप्रिलमध्ये हमाली-तोलाईच्या कपातीवरून जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत कांद्याचे लिलाव बंद पडले होते, तुम्हाला आठवत असेल. हमाल-मापाऱ्यांच्या मागे १९६९ चा माथाडी कायदा होता, संघटना होती, म्हणून त्यांचं म्हणणं काय ते रोज पेपरात येत होतं. खळी थंडावली तेव्हा कांदा निवडणाऱ्या बायकांचा किती रोज बुडाला, ते मी कुठे वाचलं नाही. मगाशी मी विचारलं की इथे कुठल्या मंडळाची किंवा संघटनेची नोंदणी कुणाकडे आहे, तर एकही हात वर झाला नाही.

२०२५ च्या क्रीडा प्रशासन कायद्याने फेडरेशनच्या कार्यकारिणीत किमान चार महिला आणि खेळाडूंची समिती आवश्यक केली आहे. समिती सल्ला देते, वाटाघाट करत नाही. पण दार किलकिलं झालंय. लीगमुळे मुलींसमोर आता पैसे देणारा मालक नावानिशी उभा आहे, हातात लेखी करार आहे. संघटना बांधायला याहून बरी वेळ नाही. सात जणी मिळून नोंदणीचा अर्ज करता येतो. १९२६ च्या जुन्या कायद्यात हे होतं, नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. सभासदसंख्येच्या आणखी अटी आहेत, त्या जेवणानंतरच्या बैठकीत सांगेन.

त्या बैठकीला खळ्यावर जाणाऱ्यांनी जरूर थांबा. मी वही आणली आहे. कुठल्या खळ्यावर बाईला किती रोज, पुरुषाला किती, गोणीमागे किती, उचल किती कापली, एवढंच लिहून घ्यायचं आहे. नाव नको, फक्त आकडा सांगा.