घरगुती चित्रसंकलन आणि लॅपटॉपची निवड

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांसमोर आला. त्याची फिल्म धुण्याचें काम दादरच्या राहत्या घरींच होत असे, आणि त्या कामीं सरस्वतीबाई फाळके यांचा वांटा मोठा होता. म्हणजे महाराष्ट्रांत या विद्येचा आरंभच मुळीं घरांत झाला. मध्यंतरीं ती स्टुडिओंत गेली आणि आतां पुन्हां घरीं परतली आहे. मुंज, लग्न, आजोबांचें सहस्रचंद्रदर्शन यांचें चित्रण हल्लीं घरचींच माणसें हातांतील फोननें करतात. मग त्या विस्कळित तुकड्यांतून पाहण्याजोगा अर्ध्या तासाचा चित्रपट जुळवावा, अशी हौस उत्पन्न होते. आणि पहिला प्रश्न पुढें येतो तो हा कीं, या कामाला लॅपटॉप कोणता घ्यावा?

उत्तरासाठीं बहुतेक मंडळी थेट दुकानाची वाट धरतात. तेथें यंत्राचा पातळपणा दिसतो, झगमगाट दिसतो, किंमत तर दिसतेच. परंतु कापड पाहिल्यावांचून शिंपी कात्री निवडीत नाहीं. येथेंही आधीं चित्रण पाहावें, मग यंत्र पाहावें, हाच क्रम योग्य होय.

चित्रण पाहावयाचें म्हणजे प्रथम त्याचें वजन पाहावयाचें. ‘फोर-के’ चित्रणांतील एकेका चित्रांत ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारें ८३ लाख बिंदु असतात, आणि अशीं तीस किंवा साठ चित्रें एका सेकंदांत सरकतात. आयफोनवर सेकंदाला साठ चित्रें घेतल्यास एका मिनिटाला सुमारें ४०० मेगाबाईट जागा लागते. समारंभ तीन तास चालला आणि दोन फोन चालू होते, तर हा ऐवज १४४ जीबींच्या घरांत जातो. २५६ जीबींच्या लॅपटॉपमध्यें इतर सर्व सामानासह तो मावणार कसा? तीसच चित्रें घेतलीं तर हा भार निम्म्याहून कमी होतो. घरगुती समारंभास तितकें पुरतें.

दुसरी गोष्ट चित्रण लिहिण्याच्या पद्धतीची. जुन्या फिल्मवर प्रत्येक चित्र स्वतंत्र व संपूर्ण असे. २००३ सालची एच.२६४ आणि २०१३ सालची एच.२६५, अथवा एचईव्हीसी, या पद्धति जागा वाचविण्यासाठीं मधूनमधून एखादेंच चित्र पूर्ण लिहितात व पुढें केवळ काय बदललें तेवढें टिपून ठेवतात. वाण्याच्या उधारीच्या वहीसारखाच हा प्रकार आहे. मधल्याच एखाद्या दिवसाची बाकी सांगावयाची, तर आधींच्या सर्व नोंदींची बेरीज करावी लागते. संकलन करणारा माणूस तर सारखा मागेंपुढें जात असतो. त्यामुळें ही बेरीज क्षणोक्षणीं करावी लागून साधें यंत्र धापा टाकूं लागतें.

म्हणून अलीकडील प्रोसेसरांत याच कामासाठीं वेगळी योजना केलेली असते. इंटेलनें ती २०११ पासून ‘क्विक सिंक’ या नांवानें दिली आहे. ॲपलच्या एम-मालिकेंतही ती आहे. मात्र प्रत्येक यंत्राला प्रत्येक पद्धत उमगतेच असें नाहीं. कांहीं कॅमेरे ‘दहा-बिट ४:२:२’ या प्रकारचें एचईव्हीसी चित्रण करतात. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत त्याची सोय २०२५ सालच्या ५०-मालिकेपासून आली. इंटेलच्या प्रोसेसरांत ती कित्येक वर्षें आधींच होती. खेळांसाठीं घेतलेला महागडा लॅपटॉप या एका कामांत स्वस्त लॅपटॉपच्या मागें पडतो, तो यामुळें.

रॅम म्हणजे स्वयंपाकघरांतील ओटा, आणि एसएसडी म्हणजे कोठीची खोली. ओटा अरुंद असला कीं प्रत्येक भांड्यासाठीं कोठीकडे खेप पडते. ‘डाव्हिन्ची रिझॉल्व्ह’ या मोफतही मिळणाऱ्या संकलन-प्रणालीचे कर्ते १६ जीबी रॅमची शिफारस करतात. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य फलकावर कायमची जडविलेली असते व मागाहून वाढवितां येत नाहीं. हा प्रश्न विकत घेण्यापूर्वींच विचारावा. ५१२ जीबींची एसएसडी आणि एक बाहेरची डिस्क एवढी कोठी घरास पुरेशी होते.

पडद्याकडे दुर्लक्ष करूं नये. ज्याच्या माहितीपत्रकांत ‘४५ टक्के एनटीएससी’ असें लिहिलेलें असतें, तो पडदा नेहमींच्या एसआरजीबी रंगांपैकीं जेमतेम साठ-पासष्ट टक्के दाखवितो; तेथें पैठणीचा खरा रंग कळणार नाहीं. उष्णतेचाही विचार करावा. २०२० च्या अखेरीपासून आलेल्या एम-मालिकेच्या मॅकबुक एअरला पंखा नाहीं. लहान कामांत तें निःशब्द व उत्तम चालतें, पण लांब चित्रपटाची अंतिम प्रत काढतांना तापलें कीं मंदावतें.

हें सर्व ऐकून खर्चाची धास्ती वाटल्यास एक उपाय घरींच आहे. संकलन-प्रणालीकडून मूळ चित्रणाच्या हलक्या प्रती, ज्यांना ‘प्रॉक्सी’ म्हणतात, करून घ्याव्या. कापणें-जोडणें त्यांवर करावें आणि अंतिम प्रत मूळ चित्रणावरून काढावी. वेळ अधिक लागतो, पण चार-पांच वर्षांचा लॅपटॉपही पुष्कळदां काम निभावतो. घेणेंच झालें, तर दुकानदाराच्या संमतीनें स्वतःच्या फोनमधील पांच मिनिटांचा तुकडा त्या यंत्रावर लावून पाहावा. अडखळलें तर दुसरें पाहावें.

आणि वांचलेल्या पैशांतून दुसरी एक बाहेरची डिस्क अवश्य घ्यावी. फोन रिकामा करण्यापूर्वीं चित्रणाच्या दोन प्रती व्हाव्या व त्यांतील एक दुसऱ्या घरीं राहावी. लॅपटॉप बिघडला तर बाजारांत दुसरा मिळतो. सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशीं आजोबा जें चार शब्द बोलले, ते पुन्हां मिळण्याचें दुकान कोठेंही नाहीं. त्यांचें जतन ज्या व्यवस्थेनें होईल, तीच निवड खरी शहाणपणाची.