पाईप बदलायचे, पण ठरवायचं कुणी?

(मालवण तालुक्यातील बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



महिला मेळाव्यात पाईपांवर भाषण, हे ऐकून मघाशी काहीजणी हसल्या. हुंडा, मारहाण, दारू हे आपले विषय. पाईप हा प्लंबरचा विषय, असं आपण धरून चालतो. पण घरातला नळ बंद पडला की त्याचा भार कुणाच्या डोक्यावर येतो, हे इथे बसलेल्या कुणालाही सांगायला नको. म्हणून आज हाच विषय घेतलाय.

आधी पाईप का सडतात ते बघू. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या घरांत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाईप आहेत. समुद्रावरचा खारा वारा हा मुलामा बाहेरून खातो आणि पाणी आतून खातं. जांभ्यातून झिरपलेलं पाणी मऊ आणि बऱ्याचदा किंचित आम्लधर्मी असतं. प्यायला गोड, पण लोखंडाला वाईट. जस्त संपलं की लोखंड गंजतं. गंजाचे थर साचत जातात आणि अर्ध्या इंचाच्या पाईपात पेन्सिलीएवढी वाट उरते. सकाळचं पहिलं पाणी तांबूस येतं, धार बारीक होते, पांढऱ्या कपड्यांवर डाग पडतात. ही लक्षणं दिसली की एखादा सांधा बदलून भागत नाही. आज इथे दुरुस्त केलेला पाईप उद्या हातभर पुढे फुटतो.

आणखी एक धोका डोळ्यांना दिसत नाही. आपल्या नळांना दिवसभर पाणी नसतं. पाणी बंद झालं की पाईपातला दाब जातो, आणि गटाराजवळून गेलेल्या फुटक्या पाईपात बाहेरचं घाण पाणी शोषलं जातं. त्यातून हगवण, कावीळ येते. मग दवाखान्यात पोराच्या उशाशी रात्रभर कोण बसतं?

एका घराचं उदाहरण देते. बाईचा नवरा वारलेला, दोन मुली, सासू अंथरुणावर. घर सामायिक, दीर आणि चुलतदीर मुंबईला. न्हाणीकडचा पाईप फुटला, भिंतीत ओल मुरायला लागली. तिने फोन केला. उत्तर आलं, "चवथीक सगळे येतले, तेवा बगूया." तेव्हा वैशाख चालू होता! चार महिने ती आणि थोरली मुलगी बावीवरून दिवसाला वीस-वीस कळश्या आणत होत्या. कळशी दहा लिटरची धरली तर रोज दोनशे किलो वजन झालं. चवथीला सगळे आले, आरत्या-भजनं झाली, पाहुण्यांचं पाणीही तिनेच भरलं. पाईपाचा विषय निघाल्यावर एकजण म्हणाला, "वाटणी झाल्याशिवाय खर्च कशाला?" शेवटी तिने गटातून कर्ज काढलं आणि पाईप बदलले. वर "न विचारता भिंत फोडली" म्हणून बोलणी खाल्ली.

दीर दुष्ट आहेत असं मी म्हणत नाही. गणपतीचा खर्च ते दरवर्षी उचलतात. पण घराच्या हिशेबात तिच्या कळश्या कुणी धरलेल्याच नाहीत. बाईचे श्रम फुकट असतात, म्हणून पाईप महाग वाटतो.

आता कामाचं बोलू. पहिलं, घरातल्या पाईपांचा नकाशा कागदावर काढा: पाणी कुठून येतं, टाकी कुठे, न्हाणी कुठे, कुठला भाग लोखंडी. नकाशा हातात असला की प्लंबर तुमच्याशी बोलतो, दारात उभ्या असलेल्या पुरुषाशी नाही. दोघांकडून लेखी अंदाज घ्या.

दुसरं, थंड पाण्याला यूपीव्हीसी चालतो. गिझरच्या गरम पाण्याला सीपीव्हीसीच हवा. यूपीव्हीसीवर आयएस 4985 आणि सीपीव्हीसीवर आयएस 15778 हा शिक्का बघून घ्या. पीव्हीसी टिकाऊ व्हावं म्हणून त्यात शिशाचे क्षार घालत असत. ते बंद करण्यासाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये नियम केले. शिसं मुलांच्या मेंदूला अपाय करतं. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि जुन्या पाईपांतलं शिसं पाण्यात उतरलं, तेव्हा आवाज उठवणाऱ्यांत घराघरांतल्या आयाच पुढे होत्या.

तिसरं, उन्हात प्लास्टिक ठिसूळ होतं, म्हणून उघड्यावरचा पाईप झाका किंवा रंगवा. चौथं फार महत्त्वाचं. जुन्या घरांत विजेचं अर्थिंग पाण्याच्या लोखंडी पाईपाला जोडलेलं असू शकतं. पाईप प्लास्टिकचा झाला की ते अर्थिंग तुटतं आणि पंपाला हात लावणाऱ्या बाईला शॉक बसू शकतो. म्हणून आधी वायरमनला दाखवा. पाचवं, भिंत बुजवण्यापूर्वी पाणी सोडून सगळे सांधे तपासा. आणि बिल स्वतःच्या नावावर घ्या. घरासाठी तुम्ही काय केलंत याचा तो पुरावा आहे.

नावाचा प्रश्न इथेच येतो. घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करावी, असा शासन निर्णय महाराष्ट्रात 2003 मध्ये झाला. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर आपलं नाव आहे का, किती जणींनी पाहिलंय? ज्यांची घरं सामायिक आहेत त्यांनी 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा लक्षात ठेवावा. राहत्या घरातून आणि तिथल्या सोयींपासून बाईला तोडणं ही त्या कायद्याने आर्थिक हिंसा ठरते. कुणी मुद्दाम पाणी तोडलं तर संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं.

घराबाहेरच्या पाईपांवरही आपला हक्क आहे. जलजीवन मिशन 2019 मध्ये जाहीर झालं, तेव्हा माणशी रोज 55 लिटर पाणी घरात देण्याचं ठरलं. गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत निम्म्या स्त्रिया असायला हव्यात आणि पाणी तपासायला गावातल्या पाच बायकांना शिकवायचं आहे. कागदावर नावं असतील. सह्या कोण करतं, ते तुम्हीच बघा. पाईपलाईन कुठून न्यायची, गटार कुठे आहे, कुठल्या वाडीला पाणी चढत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? ग्रामसभेत ते उभं राहून सांगायचं आणि इतिवृत्तात लिहून घ्यायचं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने दोन कागद आणा: आपल्या घरातल्या पाईपांचा नकाशा आणि नमुना 8 चा उतारा. एकत्र बसून वाचू. ज्यांचे पाईप आधी बदलायला हवेत, त्यांच्या कर्जाचं त्याच दिवशी ठरवू.