पुराची बेगमी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



मृग निघण्यापूर्वी धान्य, मीठ, मिरची, शेणी व सरपण यांनी घर भरून ठेवण्याची रीत आपल्या वाडवडिलांनी पाळली. तिला ते बेगमी म्हणत. दुकाने दाराशी आली आणि ही रीत मागे पडली. पंचगंगेने मात्र तिचे स्मरण आपणांस पुन्हा करून दिले आहे.

राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांवर गेले आणि २०२१ च्या जुलैत ५६ फुटांवर. २०१९ साली शिरोलीजवळ महामार्ग बुडाला. दूध, भाजी, पेट्रोल यांची आवक खुंटली. उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्याने नळ कोरडे पडले. चहूकडे महापूर आणि घागर रिकामी, अशी शहराची अवस्था झाली! म्हणून नव्या बेगमीत पहिला मान धान्यास नव्हे, पाण्यास द्यावा.

पिण्यास व स्वयंपाकास माणशी दररोज चार लिटर धरल्यास, पाच माणसांच्या घरास सात दिवसांना १४० लिटर लागतात. धरणांतून विसर्ग वाढल्याची वार्ता येताच झाकणाची स्वच्छ भांडी भरून घ्यावीत. तुरटीने गाळ बसतो, रोगजंतू मरत नाहीत. पाणी उकळावे अथवा क्लोरीनच्या गोळ्या छापील प्रमाणात घालाव्यात. चुरमुरे, शेंगदाणे, गूळ हे विस्तवावाचून चालणारे अन्न, नित्याची औषधे, काडेपेटी व विजेरी हे सारे माळ्यावर ठेवावे.

परंतु ज्यांची घरे पूररेषेत आहेत, त्यांनी बेगमीच्या भरवशावर घरात बसू नये. २००५ साली पाणी उंबऱ्याशी थांबले, म्हणून पुढेही थांबेल, हा हिशेब २०१९ ने अनेकांचा खोटा ठरविला. त्यांची बेगमी म्हणजे एक गाठोडे : कागदपत्रे, औषधे, कपडे. सूचना मिळताच, उजेड असतानाच, म्हाताऱ्याकोताऱ्यांना व गुरांना घेऊन निघावे.

आणि उंचावरील घरांनी काय करावे? त्यांनी दोन कुटुंबांची बेगमी करावी. पूरग्रस्त आप्त रिकाम्या हातांनी दाराशी येतात. त्या वेळी दुकानेही रिकामीच असतात. हे दुसरे कुटुंब आपल्याच ज्ञातीचे असावे असा आग्रह मात्र नसावा. पाणी जात विचारून घरात शिरत नाही. आश्रय देणाऱ्यानेही ती विचारू नये.

आपल्या मंडळाने प्रतिवर्षी मृगापूर्वी घरोघरी एवढी चौकशी केली, तरी माझे बोलणे सार्थकी लागेल.