कराराचे व्रत



आजच्या व्याख्यानाचा विषय मला माझ्या नातवाने दिला. गेल्या दिवाळीच्या सुटीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी त्याचे मित्र जमत. सतरंजीवर नकाशे आणि कागद पसरलेले, हातात वीस पैलूंचे फासे, आणि प्रत्येक जण एका कल्पित वीराच्या तोंडून बोलतो आहे, असा त्यांचा खेळ दिवेलागणीपर्यंत चाले. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने तो प्रसिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षी त्यात ‘पॅलॅडिन’ हा धर्मवीर दाखल झाला. २०१४च्या आवृत्तीत या धर्मवीराला तिसऱ्या पायरीवर एक शपथ निवडावी लागते. तिच्यातूनच त्याला पुढचे सामर्थ्य लाभते आणि ती मोडली तर त्याचे धर्मवीरपणच पणाला लागते. नातवाने आपल्या वीराकरिता जी शपथ स्वतः रचली होती, ती कराराची: आपला करार पाळायचा, दुसऱ्यांचा राखायचा, आणि मोडणाऱ्याला, तो राजा असला तरी, जाब विचारायचा. “आजोबा, असा माणूस आपल्याकडे कधी झाला का?” असे त्याने मला विचारले. त्या दिवशी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आज त्याचे उत्तर देतो.

करार आणि देव यांचे नाते आपल्या या कृष्णाकाठी नवीन नाही. बेलाचे पान आणि भंडारा हाती घेऊन दिलेला शब्द, म्हणजे बेलभंडारा उचलणे, हा आपल्याकडे शंभर जामिनांच्या तोलाचा मानला जाई. आणि भंडारा म्हणजे हळद, ज्या हळदीवर ही सांगलीची पेठ उभी राहिली तीच हळद. आपल्या हरिपूरला जमिनीच्या पोटात खणलेल्या पेवांतून हळद वर्षानुवर्षे साठवून ठेवीत. तोंड बंद केलेल्या पेवातला माल डोळ्यांना दिसत नाही, आणि तरी त्याचे व्यवहार होत. २००५च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरले आणि हळदीची मोठी नासाडी झाली, हे या सभागृहातल्या कित्येकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

त्याच हरिपूरला, संगमेश्वराच्या घाटाखाली, वारणा कृष्णेला मिळते. या नदीच्या नावाने १३ एप्रिल १७३१ रोजी सातारचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज या चुलत भावांमध्ये तह झाला. वर्षानुवर्षांचा घरचा कलह त्या तहाने मिटला, वारणा ही दोन राज्यांमधली सरहद्द ठरली, आणि एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही शत्रू समजावा असे उभयतांनी मान्य केले. सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांची सीमा आजही बऱ्याच अंतरापर्यंत तीच नदी राखते. दोघे समान, एका रक्ताचे, एका भाषेचे. असा करार टिकला यात मला विशेष नवल वाटत नाही. व्रताची कसोटी लागते ती जेथे एक पक्ष बलाढ्य आणि दुसरा त्याच्या कृपेवर उभा असतो तेथे, आणि म्हणून मी आपल्याला साताऱ्यास नेतो.

फेब्रुवारी १८१८मध्ये अष्टीच्या लढाईत पेशवा दुसऱ्या बाजीरावाचे सेनापती बापू गोखले पडले आणि बाजीरावाच्या छावणीत असलेले प्रतापसिंह छत्रपती इंग्रजांच्या हाती आले. इंग्रजांचा अधिकारी एल्फिन्स्टन याने त्यांना सातारच्या गादीवर बसवले, आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी कंपनी सरकारने त्यांच्याशी तहनामा केला. दक्षिणेस कृष्णा आणि वारणा, उत्तरेस नीरा आणि भीमा, पश्चिमेस सह्याद्री, पूर्वेस पंढरपूर आणि विजापूर, असा मुलूख छत्रपती, त्यांचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्याकडे निरंतर राहील, असे त्याच्या पहिल्याच कलमात होते. पाचव्या कलमाने महाराजांचे हात बांधले: कंपनीच्या रेसिडेंटाच्या द्वारे असेल तेवढाच परराज्यांशी व्यवहार, एरवी पत्रव्यवहारसुद्धा नाही, आणि यात कसूर झाली तर तहाचे सारे लाभ बुडतील. हा तह विषम होता हे महाराजांना कळत नव्हते असे कोणी समजू नये. परंतु ज्याला तलवार उचलता येत नाही त्याला कागदाचाच आधार, आणि तो आधार खरा ठरायचा तर आपल्या बाजूने अक्षर न् अक्षर पाळले गेले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. पुढे इंग्रजांना महाबळेश्वरी हवा खाण्याचे ठिकाण वसवायचे होते, तेव्हा त्याच्या मोबदल्यात वाई भागातले खंडाळे घेऊन महाराजांनी १८२९ साली तोही व्यवहार कागदोपत्री चोख केला.

बखेडा निघाला तो जहागिरींवरून. तहातल्या जहागीरदारांवर अंमल कोणाचा, हा प्रश्न महाराजांनी तहाची कलमे पुढे ठेवून लढवला. विलायतेत कंपनीच्या संचालकांच्या सभेने कौल त्यांच्या बाजूने दिला, आणि तो मुंबई सरकारने त्यांच्यापर्यंत पोहोचू दिला नाही. १८३५च्या अखेरीस त्याच संचालकांनी महाराजांच्या राज्यकारभाराचा गौरव करणारे पत्र लिहिले आणि सन्मानार्थ एक तलवार पाठवली. ती तलवारही मुंबईकरांनी त्यांना दिली नाही. मग पलटणीतल्या शिपायांना फितवण्याचा, गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी मसलत केल्याचा आरोप ठेवला गेला, आणि चौकशी अशी झाली की आरोपीच्या हाती आपल्यावरचा पुरावाही नीट आला नाही.

ऑगस्ट १८३९मध्ये गव्हर्नर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आला. आपल्या हातून तहाचा भंग झाला असे लिहिलेल्या कागदावर महाराजांनी सही करावी; केली की मागचे सारे माफ, गादी कायम. मला त्या भेटींचा प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांसमोर येतो. एका सहीने राज्य राहत होते, आणि सही करायची ती इतकीच की मी करार मोडला. ज्याने वीस वर्षे तो करार देव्हाऱ्यातल्या पोथीसारखा जपला, त्याच्याकडून तेवढे लिहून घ्यायचे होते. महाराजांनी नकार दिला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री त्यांना वाड्यातून काढून जवळच्या लिंब गावी नेले, तेथून काशीस, आणि तेथेच १८४७ साली त्यांचा अंत झाला. खोटी सही न करणे हेही एक युद्धच आहे, आणि ते हरले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण नातवाला हवा असलेला धर्मवीर मी अजून सांगितला नाही. त्याचे नाव रंगो बापूजी गुप्ते. छत्रपतींचा वकील म्हणून हा गृहस्थ विलायतेस गेला आणि जवळजवळ चौदा वर्षे लंडनमध्ये तोच एक तहनामा हातात घेऊन उभा राहिला. अर्ज, निवेदने, छापील पत्रके, कंपनीच्या भागीदारांच्या सभा. जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज टॉम्पसन यांच्यासारख्या इंग्रजांनाही त्याने आपल्या धन्याच्या बाजूने बोलते केले. त्याची मागणी दयेची नव्हती. तुमच्याच सरकारच्या शिक्क्याने झालेला कागद तुम्ही वाचा आणि आमचे म्हणणे ऐकून घ्या, एवढीच होती. परमुलखात, थंडीत, पैशाची ओढ सोसून, धनी काशीत वारल्यानंतरही वकिलाने वकिली सोडली नाही, कारण करार धन्याच्या देहाशी झालेला नव्हता, वारसांशीही होता. आणि नेमक्या त्याच शब्दावर शेवटचा घाव पडला. गादीवर बसवलेले धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. त्यांनी घेतलेला दत्तक मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांच्या मते मान्य व्हायला हवा होता, परंतु गव्हर्नर जनरल डलहौसीने तो नाकारला आणि राज्य खालसा झाले. दत्तकाला वारस न म्हणणे म्हणजे करार उघड न मोडता त्यातल्या एका शब्दातला प्राण काढून घेणे होय. आणि करार मोडण्याचा याहून क्रूर प्रकार मला ठाऊक नाही.

रंगो बापूजी परत आले. १८५७ साली साताऱ्यात उठावाची मसलत झाली, ती फुटली, आणि ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना मृत्युदंड दिला गेला. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी निसटले. सरकारने बक्षीस लावले, पण ते पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत. चौदा वर्षे कागदावर विश्वास ठेवलेल्या माणसाचा तो विश्वास कोणत्या दिवशी सुटला असेल, हे मी अनेकदा स्वतःला विचारले आहे.

गेल्या महिन्यात नातवाला घेऊन मी साताऱ्यास गेलो होतो. प्रतापसिंह महाराजांनी राजस्त्रियांना दसऱ्याची मिरवणूक पाहता यावी म्हणून अजिंक्यताऱ्याच्या उतारावर बांधलेल्या चार भिंती आज त्या हुतात्म्यांचे स्मारक आहेत. तेथून सारे शहर खाली पसरलेले दिसते. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “आजोबा, ती तलवार महाराजांना नंतर तरी मिळाली का?”

मी म्हणालो, “नाही.”