सिंहगडाकडे तोंड करून

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्या हॉलमधला लाकडी दारांचा टीव्ही आठवतोय? पाचवीत बालचित्रवाणीचे कार्यक्रम बघायला आपल्याला रांगेने तिथे नेत. एकदा पडद्यावर नुसत्या मुंग्या आल्या. मग एक माणूस शिडी घेऊन आला, हॉलच्या कौलांवर चढला आणि वरून ओरडू लागला, "आलं का?" आपण खालून, "नाही!" "आता?" "आलं... गेलं!" आपण पोट धरून हसलो. मीही हसले.

ते माझे बाबा होते. मी कुणालाच सांगितलं नाही. त्यांनी मला पाहिलं, पण हाक मारली नाही. रात्री जेवताना एवढंच विचारलं, "चित्र स्वच्छ आलं ना गं?"

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. दिल्लीनंतरचं देशातलं ते दुसरं केंद्र. पुढच्याच वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र झालं आणि मुंबईचं चित्र पुण्यात दिसू लागलं. रेडिओ दुरुस्त करणारे बाबा अँटेना बसवू लागले. तेव्हा गल्लीत एखादाच सेट. 'गजरा' किंवा 'छायागीत' असलं की त्या घराच्या दारात चपलांचा ढीग, असं ते सांगतात.

पुढे सुट्टीत मी त्यांच्याबरोबर गच्च्यांवर जायची. वर गेलं की ते आधी सिंहगड शोधत. गड दिसला की निम्मं काम झालं! चित्राशेजारी त्याचीच फिकट सावली दिसली, तर म्हणत, "लहर कुठल्यातरी भिंतीवर आपटून उशिरा पोचतेय." इंजिनिअरिंगला तेच समीकरणात भेटलं, तेव्हा वर्गात मला एकटीलाच ते ओळखीचं वाटलं. आज मी मोबाईलवर व्हिडिओ पोचवणारं सॉफ्टवेअर लिहिते. चित्र अडकलं की कारण शोधायचं, हेच काम. म्हणजे बाबांचाच धंदा, फक्त शिडी नाही.

केबल आली आणि त्यांचं काम आटलं. माझी फी मात्र कधी थकली नाही.

जे तेव्हा सांगायचं राहिलं, ते आज सगळ्यांसमोर सांगितलं. काल हे भाषण बाबांना वाचून दाखवलं. शांतपणे ऐकून म्हणाले, "हॉलवर कौलं नव्हती, पत्रा होता. तेवढं दुरुस्त कर."

तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.